घरात खोली असताना बाहेरच्या खुर्चीला पैसे का मोजायचे?

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका ३७ वर्षांच्या, पुण्यात कर्वेनगरला राहतात. यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचा जर्मनमधून इंग्रजीत अनुवाद करतात. आधी अकरा वर्षं एका कंपनीत होत्या, दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू केलं. काम बरं मिळतं, तासाला साधारण नऊशे रुपये पडतात, पण एखादा महिना कोरडाही जातो. घरी नवरा, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. नवरा हिंजवडीला नोकरी करतो, आठवड्यातून दोन दिवस घरून. आतल्या खोलीत टेबल, खुर्ची, इन्व्हर्टर, फायबरचं इंटरनेट सगळं आहे. तरी काम संपत नाही, रात्री अकरा-साडेअकरापर्यंत रेंगाळतं. डेक्कनजवळच्या एका को-वर्किंगमध्ये (अनेकांनी मिळून वापरायच्या, भाड्याने खुर्ची-टेबल देणाऱ्या ऑफिसात) चौकशी केली, तर महिना साडेसात हजार अधिक जीएसटी सांगितले. नवरा म्हणतो, ‘घरात सगळं असताना खुर्चीला एवढे पैसे?’ सासूबाई म्हणतात, ‘तुला घरात कोण त्रास देतं?’ त्या विचारतात: ‘ही माझ्या शिस्तीचीच उणीव आहे का? दिवसभर मोठ्या माणसाशी धड बोलणं होत नाही, ते तरी तिथे संपेल का? की हे सगळं फॅडच आहे?’

नमस्कार,

आधी शिस्तीचं बोलू, कारण पत्रातला सगळ्यात दुखरा भाग मला तोच वाटला. तुम्ही अकरा वर्षं नोकरी केलीत, मुदती पाळल्यात. दोन वर्षांत तुमची शिस्त कुठे हरवली असेल असं मला वाटत नाही. नोकरीत दिवसाला आकार द्यायची जबाबदारी तुमच्यावर नव्हती. कंपनीची बस ठरल्या वेळी यायची, गेटवर कार्ड दाखवलं की काम सुरू, अकराला चहा, शेजारची मैत्रीण डबा घेऊन उठली की आपणही उठायचं, सहा वाजले की मजला रिकामा व्हायला लागायचा. हे सगळं दुसरं कोणीतरी सांभाळत होतं, आणि त्यावर विसंबून राहिलात म्हणून तुम्हाला कोणी बेशिस्त म्हटलं नाही. आता अनुवादही तुम्ही करायचा आणि दिवसही रोज तुम्हीच उभा करायचा. ही दोन कामं आहेत. बिल त्यातल्या एकाचंच निघतं.

स्वतंत्र काम करणारी माणसं बाहेर बसायला जागा का घेतात, याचं उत्तर टेबल-खुर्चीत शोधलं तर सापडत नाही, कारण ती बहुतेकांच्या घरी असतात. एकदा नवी पेठेतून किंवा सदाशिव पेठेतून चक्कर मारा. एमपीएससी, यूपीएससीची तयारी करणारी मुलं दरमहा पैसे भरून अभ्यासिकेत जागा घेतात. गावाकडून येणारा प्रत्येक रुपया जपून खर्च करणारी मुलं आहेत ही. खोलीवर बसून वाचायला त्यांना कोणी मनाई केलेली नाही. तरी अभ्यासिकेची फी भरतात, कारण शेजारच्या कप्प्यातला मुलगा मान खाली घालून वाचत असतो. त्याच्याशी महिनोन्‌महिने एक शब्द बोलणं होत नाही, पण तो बसलेला असताना आपल्याला उठावंसं वाटत नाही. कोर्टातली बाररूमही तशीच. तिथे बसणारा प्रत्येक वकील स्वतंत्र व्यावसायिक, बऱ्याच जणांचं स्वतःचं ऑफिसही असतं, तरी दोन तारखांच्या मधला वेळ सगळे तिथेच काढतात. या मुलांना किंवा या वकिलांना आपण कधी विचारत नाही, की घरात सगळं असताना इथे कशाला बसता?

आज ज्याला को-वर्किंग म्हणतात त्याची सुरुवात बहुतेक लोक ऑगस्ट २००५ पासून धरतात. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रॅमरला स्वतंत्र कामातली मोकळीक सोडायची नव्हती, पण नोकरीतला दिवसाचा आकार आणि सोबतची माणसं हवी होती. त्याने मिशन भागातल्या ‘स्पायरल म्यूज’ नावाच्या एका घरात आठवड्यातून दोन दिवस जागा घेतली. थोडी टेबलं, वायफाय, दुपारी एकत्र जेवण, मध्ये ध्यानासाठी थोडा वेळ, आणि संध्याकाळी ५.४५ ला जागा बंद म्हणजे बंद. सुरुवातीला कोणी फिरकलंही नाही. मला या सगळ्यात ती पावणेसहाची वेळ सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्वतःच्या मर्जीचे मालक असलेल्या लोकांनी एकत्र येऊन मुद्दाम उभी केलेली ती एक हद्द होती.

तुमचं पत्र मी परत वाचलं तेव्हा लक्षात आलं, की काम सुरू होत नाही अशी तुमची तक्रार नाहीच. काम संपत नाही, ही तक्रार आहे. ते का संपत नाही हे समजल्याशिवाय साडेसात हजार कोणाला देऊ नका.

एक कारण जर्मनी. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागे आणि हिवाळ्यात साडेचार. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे साडेबारा किंवा दीड. तिथल्या माणसाने पाच वाजता घरी जाता जाता टाकलेली ईमेल तुम्हाला रात्री साडेआठ किंवा साडेनऊला मिळते, आणि लॅपटॉप स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर असला की ती उघडली जाते. म्हणजे पुण्यात दुपारी साडेबारापर्यंत तुम्हाला गिऱ्हाइकाकडून कोणी हाक मारत नाही. सलग, डोकं लावून करायच्या अनुवादासाठी याहून चांगली वेळ नाही.

आणि नेमका तोच वेळ घरात सगळ्यात गजबजलेला असतो. तुम्ही लिहिलंय, ‘मला कोणी त्रास देत नाही, तरी दिवस निघून जातो.’ तर एक आठवडा छोटी वही जवळ ठेवा. खोलीच्या दारावर टकटक झाली, बेल वाजली, फोन आला, की वेळ आणि कारण लिहायचं. बाकी काही करायचं नाही. कामाच्या मावशींची दांडी, गॅसवाल्याला सांगायचा ओटीपी, कुरिअर, सासूबाईंच्या गोळ्या, शाळेच्या ग्रुपवरचा निरोप, गुरुवारी पाणी नाही म्हणून बुधवारी भरून ठेवायचे पिंप. यातलं एकही काम पाच मिनिटांवरचं नाही आणि एकही चुकीचं नाही. पण चार ओळींच्या जर्मन वाक्यातून उठून दारापर्यंत गेलं की परत येऊन ते वाक्य पहिल्यापासून वाचावं लागतं. सासूबाई म्हणतात तेही खरं आहे, कोणी त्रास देत नाही. घराने तुमचे सकाळचे तास स्वतःचेच धरले आहेत, इतकंच. आणि ते तसे धरले गेलेत हे घरातल्या कोणालाच दिसत नाही, कारण तुम्ही ते रात्री अकरापर्यंत बसून भरून काढता.

ही वही नवऱ्याला दाखवायची आहे, पण भांडणासाठी नाही. तुम्ही उद्यापासून बाहेर बसायला लागलात म्हणून गॅस सिलिंडर यायचं थांबणार नाही. ही कामं दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर लागली नाहीत, तर तुम्ही संध्याकाळी घरी येऊन ती कराल, अनुवाद पुन्हा रात्रीवर जाईल, वर महिन्याला साडेसात हजार गेलेले असतील. को-वर्किंग घेऊन निराश झालेल्या ज्या बायकांची पत्रं या सदराकडे येतात, त्यांतल्या बऱ्याचजणींचं हेच झालेलं असतं. म्हणून जागा शोधायच्या आधी यादी वाटून घ्या. तुमचा नवरा आठवड्यातले दोन दिवस घरून काम करतो. त्या दोन दिवशी बेल वाजली की कोण उठतं? शांतपणे, एकमेकांसमोर बसून एवढा एकच प्रश्न विचारा. त्याचं ऑफिस हिंजवडीला आहे, त्या ऑफिसच्या भाड्याचं चीज होतं का असं घरात कोणी विचारत नाही, कारण ते भाडं कंपनी भरते. तुमच्या बाबतीत कंपनी तुम्हीच आहात.

आता पैशांचं. नवऱ्याचा प्रश्न मला कंजूषपणाचा वाटत नाही, त्याला हिशेबाचंच उत्तर द्यायला हवं. साडेसात हजारांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे १,३५०. एकूण ८,८५० रुपये महिना, वर्षाचे १,०६,२००. तुमच्या तासाचे नऊशे धरले तर महिन्याला साधारण दहा तासांची जास्तीची कमाई झाली की जागेचा खर्च निघतो. बावीस दिवसांत दहा तास म्हणजे रोज अर्धा तासही नाही. वहीतल्या नोंदींची बेरीज केलीत तर एवढं सहज भरेल असा माझा अंदाज आहे. मात्र यात दोन गोष्टी मिळवल्याशिवाय हिशेब प्रामाणिक होत नाही. वाचलेल्या वेळात करायला तेवढं काम हातात हवं. काम ठरावीकच असेल तर वाचलेला वेळ मुलाच्या आणि झोपेच्या वाट्याला जाईल. तोही फायदाच आहे, पण मग तो ‘खर्च निघाला’ या भाषेत सांगू नका, ‘रात्रीची झोप मिळाली’ याच भाषेत सांगा. ते कारण पुरेसं आहे.

दुसरी गोष्ट जाण्यायेण्याची. कर्वेनगरहून डेक्कनला दुचाकीवरून कर्वे रोडच्या गर्दीत जाऊन-येऊन पाऊण-एक तास धरा. मेट्रोने जायचं म्हटलं तरी आधी नळ स्टॉपपर्यंत पोचायचंच आहे. म्हणजे जागेने वाचवलेला अर्धा तास रस्त्याने परत घेतला. माझं स्पष्ट मत सांगते: पायी किंवा दहा मिनिटांत पोचता येईल अशी साधी जागा लांबच्या देखण्या जागेपेक्षा केव्हाही चांगली. कर्वेनगर, कोथरूड, वारजे भागात आधी शोधा. रोपट्यांच्या कुंड्या आणि भिंतीवरची इंग्रजी वाक्यं पहिल्या आठवड्यानंतर कोणी बघत नाही. पाऊस पडत असताना तिथे जावंसं वाटतं का, यावर जून ते सप्टेंबर काढायचे असतात.

कराबद्दल थोडक्यात, कारण असंच पत्र लिहिणारे बाकीचेही हे विचारतात. तुमची वर्षाची बिलं वीस लाखांच्या आत असतील आणि तुम्ही जीएसटी नोंदणी केलेली नसेल, तर ते १८ टक्के तुमच्याच खिशातून गेले. नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळू शकतं, म्हणजे तो कर तुम्हाला भरायच्या जीएसटीतून वजा होतो, फक्त बिल तुमच्या जीएसटी क्रमांकावर घ्यायला विसरू नका. प्राप्तिकरात प्रत्यक्ष खर्च दाखवून विवरणपत्र भरत असाल तर हे भाडं व्यवसायाचा खर्च म्हणून वजा होतं. पण बरेच व्यावसायिक ठरावीक टक्के उत्पन्न धरून भरायच्या सोप्या पद्धतीने जातात. त्यात सगळे खर्च आधीच गृहीत धरलेले असतात, जागेचं भाडं वेगळं वजा करता येत नाही. ‘काय, शेवटी टॅक्समध्ये वाचतंच’ असं कोणी म्हणालं, तर आधी आपल्या सीएला फोन करा. ज्यांना घराचा पत्ता व्यवसायासाठी द्यायचा नाही, किंवा घरमालक ना-हरकत पत्र देत नाही, त्यांना बऱ्याच को-वर्किंगवाल्यांकडून नोंदणीसाठी पत्ता आणि कागदपत्रं मिळतात. त्यासाठी रोज जाऊन बसायचीही गरज नसते, त्याचा दर वेगळा आणि कमी असतो.

एकटेपणाचं मात्र मी जपून बोलते, कारण तुमची सगळ्यात मोठी आशा तिथे आहे असं पत्रावरून दिसतं. मिशिगन विद्यापीठातल्या ग्रेचेन स्प्राइट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी को-वर्किंगमध्ये बसणाऱ्या लोकांचा अभ्यास केला होता, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कामात आपण किती फुललो आहोत हे सातपैकी गुणांत सांगायचं होतं, आणि लोकांनी दिलेल्या गुणांची सरासरी सहाच्या जवळ गेली. कारणं विचारल्यावर पुढे आलं ते असं: शेजारचा माणूस वेगळ्या धंद्यातला असतो, त्याच्याशी स्पर्धा नसते, ऑफिसातलं राजकारण नसतं, त्यामुळे मुखवटा घालावा लागत नाही. बोलायचं की नाही हेही आपण ठरवतो. तुम्ही लिहिलंय, ‘तिथे माझ्या क्षेत्रातलं कोणी नसेल.’ या अभ्यासाकडे बघितलं तर ती अडचण कमी आणि सोय जास्त आहे. आपण काय करतो हे एखाद्या वास्तुविशारदाला किंवा ॲप बनवणाऱ्या मुलाला समजावून सांगताना आपलं काम आपल्यालाही नव्याने दिसतं.

पण तो अभ्यास अशा जागा आवडून तिथे टिकलेल्या लोकांचा आहे, हे विसरू नका. पहिल्या महिन्यात तुम्हाला बहुतेक कानात हेडफोन घातलेली माणसं दिसतील. शिवाय आता अशा ठिकाणच्या खुर्च्या मोठ्या संख्येने कंपन्याच घेतात. एखाद्या मजल्यावर एकाच कंपनीची तीस मुलं गळ्यात ओळखपत्र घालून बसलेली असतात, एकत्र जेवतात, एकत्र हसतात. त्यांच्यात एकटं बसणं घरी एकटं बसण्यापेक्षा जड जाऊ शकतं. म्हणून जागा दाखवणाऱ्या माणसाला सरळ विचारा, की एकेकटे काम करणारे इथे किती आहेत आणि कुठे बसतात. मग दुपारी एक वाजता जेवणाच्या टेबलाजवळ थोडा वेळ थांबा. तिथे डबे उघडून चार अनोळखी माणसं बोलताना दिसली तर ती जागा धरा.

ओळख व्हायला एकच वार आणि एकच वेळ लागते. आज सोमवार, पुढच्या आठवड्यात गुरुवार असं गेलात तर दर वेळी नवीन चेहरे. सोमवार-बुधवार-शुक्रवार, नऊला हजर, असं सहा-आठ आठवडे केलंत की कोणीतरी ‘परवा दिसला नाहीत’ म्हणेल. तुमची जी भूक आहे ती माझ्या मते या वाक्याची आहे. खोल मैत्रीची सोय मात्र को-वर्किंगच्या मासिक दरात नसते. ती हवी असेल तर पुण्यात जर्मनमधून काम करणारे अनुवादक, शिकवणारे, दुभाषे पुष्कळ आहेत. मॅक्स म्युलर भवनाच्या ग्रंथालयात, रानडे इन्स्टिट्यूटमधल्या तुमच्या जुन्या ओळखीत दोघं-तिघं सहज सापडतील. महिन्यातून एक सकाळ ठरवून त्यांच्याबरोबर बसा. अडलेले शब्द, दर, पैसे थकवणारी गिऱ्हाइकं या गोष्टी शेजारच्या ॲपवाल्याला कळणार नाहीत, त्यांना कळतील.

हे सगळं धरून मी तुमच्या जागी काय केलं असतं? महिन्याचा पास घेतला नसता. आधी डे पास घेऊन दोन-तीन जागा बघितल्या असत्या, आणि बघायला सकाळीच गेले असते, कारण तुमचे चांगले तास सकाळचे आहेत. पुष्कळ ठिकाणी नऊ-साडेनऊशिवाय कोणी दार उघडत नाही. मुलाला शाळेत सोडून साडेआठला पोचलात आणि शटर खाली, तर ती जागा तुमच्या कामाची नाही. मग आठवड्यातून तीन सकाळी जाऊन बघा. महिन्याला दहा-बारा दिवसांचं पॅकेज बऱ्याच जागा देतात, मागितलं की सांगतात. साडेबारा-एकपर्यंत सलग अनुवाद, दुपारचे जर्मनीचे फोन आणि ईमेल घरून, आणि संध्याकाळी एका ठरल्या वेळेनंतर लॅपटॉप बंद. ही शेवटची वेळ तुमच्या गिऱ्हाइकांनाही कळवा: ‘तुमच्या दुपारी दोननंतर आलेल्या ईमेलला उत्तर दुसऱ्या दिवशी, तुमचं ऑफिस उघडायच्या आत मिळेल.’ तुम्ही त्यांच्या आधी उठता, त्यामुळे त्यांचं काहीच अडत नाही. एवढं एक वाक्य लिहून टाकल्यावर कदाचित रात्रीचं अर्धं ओझं जागा न घेताच उतरेल.

जागा बघताना माहितीपत्रकात नसलेल्या गोष्टी विचाराव्या लागतात. बायकांचं स्वच्छतागृह त्याच मजल्यावर, आतल्या बाजूला आहे, की इमारतीच्या जिन्याजवळ सगळ्यांचं मिळून एक आहे? फोनवर बोलायची बंद खोली किती जणांत एक, आणि तिचे तास वेगळे मोजतात का? एसी किती वाजता बंद करतात? दुचाकी लावायला जागा आहे की रोज रस्त्यावर शोधायची? लॉकर दरात धरलेला आहे का? हॉट डेस्क, म्हणजे रोज रिकामं असेल ते टेबल, घेतला तर रोज सामान उचलून आणायचं असतं. मोठ्या पडद्याशिवाय तुमचं काम अडत असेल तर डेडिकेटेड डेस्क, म्हणजे फक्त तुमच्यासाठी राखलेलं टेबल, लागेल, आणि मग दर वाढेल. खुर्चीत निदान तासभर बसून बघा, कंबर तुमची आहे. तुमच्या जर्मन कंपन्यांशी गोपनीयतेचा करारही असणार. बाजारात न आलेल्या यंत्राची पुस्तिका उघड्या हॉलमध्ये वाचायला त्यांची हरकत नाही ना, हे करारात बघून घ्या. पडद्यावर बाजूने दिसू न देणारी फिल्म लावा, सगळ्यांच्या वायफायवर व्हीपीएनशिवाय (इंटरनेटवरची देवाणघेवाण इतरांपासून झाकणाऱ्या सोयीशिवाय) फाइल उघडू नका. करारात लॉक-इन (किती महिने जागा सोडता येणार नाही), नोटिशीचा काळ आणि डिपॉझिट कधी परत मिळणार एवढं तरी सही करण्याआधी वाचा. सवलतीच्या मोहाने वर्षाचे पैसे आधी भरू नका. या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव, वीवर्क, नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीच्या कोर्टात गेलं होतं. छोट्या जागा तर पाटी न बदलताही मालक बदलतात. आणि तुमच्या कमाईत कोरडे महिने येतात. त्या महिन्यात ज्या खर्चाला ‘या वेळी नको’ म्हणता येतं, तोच खर्च तुम्हाला परवडणारा.

दोघी-तिघींनी मिळून एक खोली भाड्याने घ्यायची, असाही विचार तुमच्यासारख्या अनेकांच्या मनात येतो. स्वस्त पडते. पण लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी, डिपॉझिट, वीजबिल, झाडलोट, आणि अकरा महिन्यांच्या मध्येच एकीने माघार घेतली तर तिचा वाटा, हे सगळं तुम्हालाच बघावं लागतं. एक घर सांभाळून दुसरं घर सांभाळायला जायचं का, याचा विचार करा. अभ्यासिका त्याहून स्वस्त, पण तिथे फोन उचलता येत नाही. तुमच्या सकाळच्या तीन-चार तासांना मात्र फोनची गरजच नाही, त्यामुळे जवळच्या अभ्यासिकेत मोठ्या माणसांना जागा देतात का हे विचारायला काहीच हरकत नाही.

काहींना मी को-वर्किंग घेऊच नका असं सांगते. समुपदेशक, घटस्फोटाची प्रकरणं बघणारे वकील, ज्यांचं अर्धं काम दुसऱ्याचं गुपित ऐकण्याचं आहे, त्यांनी उघड्या हॉलमध्ये बसू नये, बंद केबिन परवडत असेल तरच विचार करावा. नुकतीच नोकरी सोडलेल्यांनी आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवावा. जागा घेतल्याने गिऱ्हाइकं येतात या आशेवर खुर्ची घेणाऱ्यांना मी फार थोड्या वेळा खूश झालेलं पाहिलंय.

आणि सासूबाई. त्यांच्या ‘तुला घरात कोण त्रास देतं?’ या वाक्यात तुम्हाला तक्रार ऐकू आली. मला त्यात दुसरंही काही ऐकू येतं. मुलगा ऑफिसला, नातू शाळेत, आता तुम्हीही बाहेर, म्हणजे त्या दिवसभर एकट्या. दोन वर्षं घरात माणूस होतं, बंद दाराआड का होईना. हे त्या बोलून दाखवणार नाहीत. तुम्ही कोणत्या तीन दिवशी जाणार, किती वाजता परत येणार, दुपारचं जेवण दोघी मिळून करणार, हे त्यांना नवऱ्याच्या आधी सांगा. सकाळी गॅसवाला आला तर ओटीपी कसा द्यायचा हेही शिकवा. ‘तुम्ही दार बघितलंत तर माझं काम होईल’ असं म्हटलं, की त्यांचाही या कामात हात राहतो.

दोन महिने हे करून बघा, आणि वही चालू ठेवा. रात्री किती वाजता लॅपटॉप मिटला तेवढीच नोंद आता पुरे. ती वेळ साडेअकरावरून साडेनऊवर आली असेल तर नवऱ्याला वेगळं पटवून द्यावं लागणार नाही, त्याला रोज दिसेल. आली नसेल तर पॅकेज बंद करा, डिपॉझिट परत घ्या आणि त्यात अपयश मानू नका. तेव्हा बहुधा कळेल, की तुमच्याकडे काम जास्त आहे आणि दर कमी आहे. मग मला पुन्हा लिहा, कारण तो प्रश्न वेगळा. त्यात तुमच्या गिऱ्हाइकांशी बोलावं लागेल, आणि त्यासाठी जर्मनीत सध्या काय दर चालतो ते त्या दोघा-तिघा अनुवादकांना आधीच विचारून ठेवा.